तिकिटांचा संग्रह कॉम्प्युटरवर चढवायचाय : सॉफ्टवेअर घ्यावं की साधं एक्सेल?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी.

आमच्या अण्णांचा तिकिटांचा संग्रह आता माझ्याकडे आलाय. अण्णा ठणठणीत आहेत, पण बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे 'तूच बघ आता' झालंय. ढोबळ मानाने तीन ढीग आहेत. पहिला निजाम स्टेटचा. १८७१पासूनची ती छोटी तिकिटं, एवढ्याशा जागेत उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशी चार लिप्यांची दाटी. काहींवर उर्दूत 'सरकारी' छापलेलं. शिवाय १९३१ची चित्रांची मालिका, त्यातलं आठ आण्याचं अजिंठा लेण्यांच्या प्रवेशद्वाराचं आणि एक रुपयाचं दौलताबादच्या मिनाराचं अण्णांचं विशेष लाडकं. दुसरा ढीग १९४७नंतरच्या भारताचा. तिसरा पाकिटं-पोस्टकार्डांचा, त्यातली बरीच नात्यातल्या लोकांचीच.

विचारायचंय ते असं. तयार सॉफ्टवेअर विकत घेण्यात अर्थ आहे का? नोंदीत काय काय लिहावं? आणि मराठीत लिहिलं तर पुढे गोची होते का? अण्णा बसल्या बसल्या प्रत्येक तिकिटाची हकिकत सांगतात, ती नुसती ऐकून सोडायची नाहीये. इकडे लाईटचा भरवसा नाही, नेटचा त्याहून नाही, हेही लक्षात घ्या.

सीताफळ
वाचतेय. आमच्याकडेही एक पेटी आहे, कुणी हात लावायला धजत नाही.

गोदाकाठचा
तेरणाकाठदादा, चांगला विषय काढलात. मी नांदेडला बसून हे उद्योग बरेच केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तयार सॉफ्टवेअरचं आमिष एकच असतं: आत तिकिटांची यादी आधीच भरलेली, आपण फक्त 'आहे' अशी खूण करायची. भारताच्या १९४७नंतरच्या तिकिटांना हे बरं चालतं. पण ही यादी कुठल्या ना कुठल्या कॅटलॉगच्या, म्हणजे तिकिटांच्या छापील सूचीच्या, क्रमांकावर उभी असते. लंडनचे स्टॅन्ली गिबन्स, अमेरिकेचे स्कॉट, जर्मनीचे मिशेल, फ्रान्सचे य्व्हेर, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. आपल्याकडचे जुने संग्राहक गिबन्सच्या भाषेत बोलतात आणि अमेरिकी सॉफ्टवेअर स्कॉटच्या. स्कॉटचे क्रमांक वापरायचे तर सॉफ्टवेअरवाल्याला परवाना लागतो, तो खर्चही शेवटी आपण देतो त्या किमतीत येतो. संस्थानांच्या तिकिटांना गिबन्सइतकी बारकाईने वागवणारी यादी मी तरी सॉफ्टवेअरमध्ये पाहिली नाही.

फुकटात हवं असेल तर कोलनेक्ट नावाची साईट बघा. आहे, हवंय, अदलाबदलीला आहे अशा खुणा करता येतात आणि एका तिकिटाचे वेगवेगळ्या कॅटलॉगचे क्रमांक एकत्र दिसतात. पण ती नेटवरची. ओळख पटवायला वापरा, घरची मूळ वही तिथे ठेवू नका.

आणि काहीही विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा: सगळी माहिती सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाईलीत, बाहेर काढता येते का? माझ्या एका मित्राने कॉम्प्युटर बदलला आणि सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालू होईना. विकणाऱ्याला पाठवलेल्या मेलांना उत्तर नाही. नोंदी त्यांच्याच कसल्याशा फाईलीत, दुसरं काही ती उघडत नाही. नाव घेत नाही, तो मुद्दा नाही.

पूर्णा_जंक्शन
लई पसारा कशाला मांडायलेत? मी तं एक्सेलातच करायलो. देश, साल, किंमत, रंग, फोटू. संपला विषय. सॉफ्टवेअरवाल्यांना पैसे देण्यापेक्षा त्यात दोन तिकिटं जास्त येतेत.

खुलताबादी
पूर्णा_जंक्शन, एक्सेलला माझी ना नाही, पण निजामाच्या तिकिटांना एक्सेलची एक गंमत आहे. त्याचं कॅलेंडर १ जानेवारी १९००ला सुरू होतं. त्याआधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही. हैदराबादचं पहिलं तिकीट १८६९चं. म्हणजे पहिली तीसेक वर्षं एक्सेलच्या हिशेबी झालीच नाहीत! तिथली तारीख तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो, मग क्रम लावायला गेलात की १८७१ आणि १९३१ आकड्याआकड्याने इकडेतिकडे.

उपाय दोन. साल, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा, हा सगळ्यात टिकाऊ. नाहीतर लिब्रे ऑफिस वापरा, फुकट आहे आणि १८६९ही तारीख म्हणून घेतं.

दुसरं, कॅटलॉग क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या आणि मगच भरा. ३-४ असं लिहिलंत की एक्सेल त्याचा ३ एप्रिल करतो. ००७ लिहिलंत की नुसता ७ उरतो. नंतर रकाना टेक्स्ट करून उपयोग नाही, तोवर आतलं मूळ गेलेलं असतं.

तेरणाकाठ
हे भारी आहे, १९००चं माहीत नव्हतं. तीन रकान्यांचं पटलं. मराठीचं काय पण?

खुलताबादी
मराठी खुशाल लिहा, फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे दुसऱ्या मशीनवरही ती मराठीच दिसते. सीएसव्ही करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडा. आणि ती फाईल डबल क्लिक करून उघडू नका, बऱ्याचदा मराठीच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. लोक घाबरतात, फाईल बिघडली म्हणतात. बिघडलेली नसते. डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' करून आत घ्या, यूटीएफ-८ सांगा, सगळं जागेवर असतं. एक पथ्य: मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच फाईलीत मिसळू नका. एक काहीतरी ठरवा.

जुना_मोंढा
मराठीवरून आठवलं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी त्यांची यादी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात करून घेतली होती. प्रिंट सुंदर. आता ती फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण आत मराठी अक्षरं नाहीतच, फॉन्टने वेश घेतलेला असतो. कन्व्हर्टरमधून युनिकोडला आणता येते, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. 'र्‍हस्व'छाप शब्द हमखास मोडतात. कुणाकडे अशी जुनी यादी असेल तर आत्ताच बदलून घ्या, फॉन्ट असलेलं मशीन चालू आहे तोवर.

ग्रंथपाल_निवृत्त
मी परभणीला ग्रंथालयात नोकरी केली, तिकिटांतलं मला फार कळत नाही, पण नोंदींतलं कळतं. सगळे सॉफ्टवेअरवर बोलताहेत. आधी हे ठरवा की एक ओळ म्हणजे काय? एक प्रकारचं तिकीट, की हातात धरता येतो तो एक नग?

ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर दाखल नोंदवहीत पाच ओळी पडतात, पाच दाखल क्रमांक. पुस्तक एक, प्रती पाच, प्रत्येकीचं नशीब वेगळं. एकीचं बाइंडिंग सुटलेलं, एक वाचकाने हरवलेली. तिकिटांचंही तसंच असणार. म्हणून स्वतःचा दाखल क्रमांक द्या, १पासून पुढे. त्यात साल, देश, रंग काही कोंबू नका. क्रमांक हुशार केला की पुढे अडतो. तिकीट दिलं-विकलं तर ओळ पुसायची नाही, 'निर्लेखित' लिहून कारण आणि तारीख टाकायची. तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही.

गोदाकाठचा
सर, शंभर टक्के अनुमोदन. आणि तिकिटांत ही गोष्ट पुस्तकांपेक्षाही जास्त लागते. कारण बाहेरून सारखी दिसणारी दोन तिकिटं दोन वेगळे प्रकार निघतात.

उदाहरण अण्णांच्या दुसऱ्या ढिगातलंच घ्या. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि नव्या पैशांतली भारताच्या नकाशाची मालिका निघाली. १९५७ची तिकिटं ताऱ्यांच्या जलचिन्हाच्या (कागदातच उमटवलेल्या पुसट खुणेच्या) कागदावर, १९५८पासूनची अशोकस्तंभाच्या. चित्र तेच, रंग तोच. कॅटलॉगात क्रमांक वेगळे. एक्सेलात 'नकाशा, ५ नये पैसे, ८ नग' अशी एकच ओळ टाकलीत तर त्या आठांत कुठले किती हे कायमचं बुडालं.

जलचिन्ह बघण्याची पद्धत: तिकीट काळ्या ट्रेमध्ये पालथं ठेवायचं, आधी नुसतं तिरप्या उजेडात बघायचं. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच दिसलं तर लायटरचं फ्लुइड दोन थेंब. कागद एकदम गडद होतो, जिथे जलचिन्ह आहे तिथे तो पातळ म्हणून आणखी काळी रेघ उठते. ताऱ्याची टोकं किंवा स्तंभावरच्या सिंहाची पाठ ओळखायला पाच-दहा सेकंद मिळतात, मग वाळून सगळं सपाट. मोबाईल तयार ठेवा, त्याच क्षणी फोटो काढा आणि तो दाखल क्रमांकाने साठवा. खिडकी उघडी ठेवा, देवघरातल्या समईजवळ हा उद्योग नको. काही छपायांची शाई फ्लुइडला दाद देत नाही, काहींची देते, म्हणून पहिला प्रयोग फाटक्या तिकिटावर. गोंद असलेल्या कोऱ्या तिकिटाला पाणी मात्र चुकूनही लावू नका.

तिकिटाच्या कडेचे दात मोजायचे तर पट्टी मिळते. दोन सेंटीमीटरमध्ये किती भोकं, तो आकडा. त्याचा रकाना ठेवा, रिकामा राहिला तरी चालेल.

पूर्णा_जंक्शन
मंग आता माझ्या एक्सेलात आठ-आठ नगाच्या ओळी फोडू का काय? डुप्लिकेटचे गठ्ठे हायेत माझ्याकडं, शंभर-शंभरचे.

ग्रंथपाल_निवृत्त
गठ्ठ्याला एक दाखल क्रमांक, 'गठ्ठा, न तपासलेला' असा शेरा. तपासाल तेव्हा फोडा. ग्रंथालयातही मासिकांचं असंच करतो. सगळं एकाच दिवशी परिपूर्ण व्हावं हा हट्ट धरला की यादी ट्रंकेत आणि तिकिटं कपाटात.

पूर्णा_जंक्शन
हे जमंल सर.

अंबाजोगाईकर
पाकिटांबद्दल कुणी बोललं नाही अजून, माझा जीव त्यातच आहे.

पाकिटावर तिकिटापेक्षा शिक्का महत्त्वाचा. आणि शिक्क्यावरचं गाव ही आपल्या मराठवाड्यात स्वतंत्र डोकेदुखी. माझ्या गावाचंच बघा, निजामाच्या काळात मोमिनाबाद. नांदेड इंग्रजी कागदांत 'नांदेर' लिहिलेलं सापडेल, बीड 'भीर'. एकाच्या यादीत औरंगाबाद, दुसऱ्याच्या यादीत छत्रपती संभाजीनगर...

रावसाहेब_जी
आता जे अधिकृत नाव आहे तेच लिहायचं. यात चर्चा कसली?

अंबाजोगाईकर
रावसाहेब, वाद घालायचा नाहीये. १९४०च्या शिक्क्यावर जे छापलंय ते छापलंय, ते मी बदलू शकत नाही. आणि आज शोधणारा आजच्या नावाने शोधणार. म्हणून दोन रकाने. एक 'शिक्क्यावर जसं आहे तसं', अक्षराला अक्षर, अर्धवट दिसत असेल तर टिंबं देऊन. दुसरा 'आजचं नाव'. दुसरा रकाना हाताने लिहायचाच नाही, ठरलेल्या यादीतून निवडायचा, नाहीतर अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबाजोगाई असे तीन गावं तयार होतात. लिब्रे ऑफिसमध्ये 'व्हॅलिडिटी', एक्सेलमध्ये 'डेटा व्हॅलिडेशन'. पुढे कधी नाव बदललं तर यादीत एके ठिकाणी बदलायचं.

रावसाहेब_जी
हां, असं असेल तर ठीक. दोन रकाने चालतील.

संपादक मंडळ
नामांतरावर वेगळे धागे आहेत, तिकडे लिहा. इथे तिकिटं.

अंबाजोगाईकर
फसली सनाचंही तसंच. निजाम सरकारचे कागद फसली सनात, म्हणजे महसुली सालात. हा सन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलतो, महिने आज़ूर, दै, बहमन, इस्फंदार असे. इसवी सन काढताना लोक सरसकट ५९० मिळवतात, त्यात अर्धीअधिक वर्षं चुकतात. ऑक्टोबर ते डिसेंबरात ५९०, जानेवारीपासून पुढे ५९१. ताळा करून बघायचा तर जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा कायदा घ्या: त्याच्या नावात १३५८ फसली आहे आणि निघाला १५ ऑगस्ट १९४९ला. १३५८ अधिक ५९१. बरोबर बसतं.

म्हणून फसली साल आणि महिना जसा वाचला तसा एका जागी, काढलेलं इसवी साल दुसऱ्या जागी. दुसरं सूत्राने निघू द्या. आज़ूर आणि दै असेल तर ५९०, इस्फंदारपासून ५९१. बहमनच्या शेवटी इसवी साल उलटतं, तिथे तेवढी तारीख बघावी लागते. आणि सूत्राने काढलेलं साल कधीही मूळ नोंदीवर लिहू नका.

तेरणाकाठ
अंबाजोगाईकर, हे कुठेच वाचायला मिळालं नसतं. अण्णांना विचारलं तर त्यांनी बाराही महिने घडाघडा म्हणून दाखवले, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले. शिवाय सांगितलं की निजामाचं तिकीट स्टेटच्या आतच चालायचं, सोलापूरला पत्र टाकायचं तर इंग्रजांचं तिकीट लागायचं. पैसाही वेगळा, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. मी 'अण्णा म्हणतात' असा रकानाच केलाय.

जुना_मोंढा
फक्कड! त्या रकान्यात तारीखही टाका, कधी म्हणाले ती.

सीताफळ
फोटो मोबाईलने चालतील का? आणि एक वेगळा प्रश्न, माझी मुलगी सातवीत आहे, तिला पोस्टाची काही स्कॉलरशिप असते म्हणे?

खुलताबादी
ताई, पाकिटाला मोबाईल चालेल, सुट्या तिकिटाला स्कॅनर घ्या. ६०० डीपीआय, मागे काळा कागद, म्हणजे दात नीट दिसतात. पांढऱ्यावर पांढरी किनार हरवते आणि तुटका कोपरा शाबूत वाटतो. दोन्ही बाजू घ्या. फाईलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक आणि पुढे 'अ' किंवा 'ब', बस. फोटो एक्सेलच्या आत चिकटवू नका, फाईल जड होऊन उघडेनाशी होते. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिकिटं स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटांत असतील तर आधी बाहेर काढा, पीव्हीसी कागदाला आणि शाईला दोन्हीला खातं.

स्कॉलरशिप म्हणजे दीनदयाळ स्पर्श योजना, २०१७ला सुरू झाली. सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला ६००० रुपये. शाळेत फिलाटेली (तिकीटसंग्रहाचा) क्लब असावा लागतो, नाहीतर मुलीच्या नावाने पोस्टात फिलाटेली डिपॉझिट खातं. परीक्षा आणि प्रोजेक्ट असतो. हेड पोस्ट ऑफिसात विचारा.

सीताफळ
धन्यवाद! वाचनखूण साठवली.

रावसाहेब_जी
किमतीचा रकाना कुणीच सांगितला नाही. शेवटी संग्रहाची किंमत किती, हे कळायला नको?

गोदाकाठचा
रावसाहेब, ठेवा, पण तीन आकडे लागतील: आपण दिलेले पैसे, कॅटलॉगची किंमत, आणि कुठल्या सालचा कॅटलॉग. सालाशिवाय कॅटलॉगची किंमत निरर्थक. आणि ती विक्रेत्याची विकायची किंमत असते, आपल्याकडून घेताना तो त्याच्या आसपासही येत नाही. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक स्मारक तिकिटं भरपूर छापली गेली, घरोघर आहेत.

अपवाद म्हणून सगळे १९४८च्या गांधींकडे बोट दाखवतात. १५ ऑगस्ट १९४८ला दीड, साडेतीन, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार निघाली. दहा रुपयांचं महाग आहे. त्यावर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' छापलेलं तर जगातल्या दुर्मिळांत गणलं जातं. २०१७ला तशा 'सर्व्हिस'वाल्या चार तिकिटांचा एक संच पाच लाख पौंडांना गेला. म्हणूनच नकलाही बक्कळ. फेसबुकवर रोज कुणीतरी 'आजोबांच्या डायरीत सापडलं' म्हणून टाकतो. तेव्हा किमतीच्या आधी एक रकाना: 'अस्सलपणा – तपासला, कुणी, कधी'. माझ्या यादीत तिथे बहुतेक ओळींना 'नाही' आहे आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पूर्णा_जंक्शन
किमतीचा रकाना घरच्यांना दाखवू नका एवढंच म्हणतो. बायको म्हणायली, मंग विकून टाका.

तेरणाकाठ
:)) धागा बराच वाढला, आता काय ठरलं ते लिहितो.

सॉफ्टवेअर घेत नाही. लिब्रे ऑफिस. एका पानावर नग: दाखल क्रमांक, कुठल्या स्टॉकबुकात (तिकिटं ठेवायच्या वहीत) कुठल्या ओळीत, स्थिती, कुठून आलं, अस्सलपणा, 'अण्णा म्हणतात'. दुसऱ्या पानावर प्रकार: देश किंवा संस्थान, साल-महिना-दिवस वेगळे, दर्शनी किंमत आणि नाणं कुठलं, जलचिन्ह, दात, गिबन्स क्रमांक टेक्स्ट म्हणून. तिसऱ्यावर गावांची यादी. किंमत तूर्त नाही. महिनाअखेरीला सीएसव्ही काढून एक प्रत पेन ड्राइव्हवर लातूरला बहिणीकडे. सुरुवात निजामाच्या 'सरकारी'पासून, कारण ती वाचायला अण्णा लागतात.

एक अडलंय. पेटीच्या तळाशी निजामाच्या काळचे स्टॅम्पपेपर आणि कोर्ट फीची तिकिटं निघालीत, काही जमिनीच्या कागदांवर चिकटलेली. ती याच यादीत घ्यायची का?

अंबाजोगाईकर
त्यांना चौथं पान. ती टपालाची नाहीत, महसुलाची. गिबन्सचा टपालाचा क्रमांक त्यांना लागायचा नाही, उगाच रकाने रिकामे राहतील. दाखल क्रमांक मात्र त्याच ओळीतला पुढचा द्या. आणि जमिनीच्या कागदावरून तिकीट सोडवू नका, कितीही सुंदर असलं तरी. गट, गाव, फसली साल, लिहून देणारा-घेणारा हे सगळं त्या कागदात आहे, आणि उद्या भावकीत कुणाला तो लागला तर तिकीट कापलेला कागद घेऊन तहसीलला जाता येणार नाही. अख्खं पान स्कॅन करा, ३०० डीपीआय पुरे.

तेरणाकाठ
बरं झालं विचारलं. धाकटा काका ब्लेड शोधत होता.